लंडनच्या जहाल घड्याळजीचं घराणं शोधताय? या चुका टाळा

जानेवारी १७९२ मध्ये थॉमस हार्डी या बूट शिवणाऱ्या माणसाने लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटी काढली. मुख्य मागणी अशी की प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत हवं. हार्डीवर भरपूर लिहून झालंय. त्याच्या आजूबाजूला घड्याळाच्या धंद्यातले जे कारागीर होते, त्यांचं घरदार मात्र हुडकावं लागतं. पॉल थॉमस लमेत्र हे त्यातलं नमुनेदार नाव, आणि शोधणारे कुठे कुठे घसरतात ते त्याच्यावरून चांगलं दिसतं.

तबकडीवरच्या नावावर विसंबू नका

घड्याळावर ज्याचं नाव त्यानेच ते बनवलं, असं धरून अनेकजण सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. त्या काळी लंडनचं खिशातलं घड्याळ एका हातून तयार होतच नसे. कच्ची यंत्रं बरीचशी लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट भागातून यायची, लंडनच्या क्लार्कनवेल भागात कुणी स्प्रिंग बसवायचा, कुणी नक्षी कोरायचा, आणि नाव पडायचं विकणाऱ्या दुकानदाराचं. लमेत्र तर घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची डबी, घडवणारा. त्याचं नाव तबकडीवर सापडणारच नाही.

अशा वेळी केस उघडून आत बघा. चांदीच्या केसमध्ये चांदी तपासल्याच्या खुणा, म्हणजे चालता सिंह, बिबट्याचं डोकं, वर्षाचं अक्षर आणि आद्याक्षरांचा ठसा दिसेल. लंडनमध्ये वर्षाचं अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं, त्यामुळे एक अक्षर दोन सालांत मोडतं. आणि आद्याक्षरांचा ठसा कारखान्याच्या मालकाचा असतो, त्याच्या हाताखाली राबणाऱ्याचा नव्हे. आद्याक्षरं जुळली म्हणून उडी मारू नका.

खबऱ्याचा कागद म्हणजे पुरावा नव्हे

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण या माणसांबद्दल सर्वांत जास्त कागद सरकारनेच केलेत. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याचे एचओ ४२, सरकारी वकिलांचे टीएस ११ आणि प्रिव्ही काउन्सिलचे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे, पीसी १ हे गठ्ठे आहेत. पत्ता, वय, धंदा, कोण कुणाकडे उठबस करतो, सगळं आयतं मिळतं. वाचताना हुरूप येतो, आणि तिथेच सावध व्हायला हवं.

सप्टेंबर १७९४ चं ‘पॉपगन’ प्रकरण बघा. तिसऱ्या जॉर्ज राजाला नाटकगृहात हवेच्या नळीतून विषारी बाण मारायचा कट शिजतोय, अशी खबर थॉमस उप्टन याने दिली. उप्टन स्वतः घड्याळजी. त्याने नावं घेतली ती लमेत्र, जॉन स्मिथ, जॉर्ज हिगिन्स आणि डॉक्टर क्रॉसफील्ड यांची. यातल्या पहिल्या तिघांशी त्याचं सोसायटीत आधीच वाजलेलं होतं. त्याच्या चारित्र्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. मे १७९६ मध्ये क्रॉसफील्डचा खटला उभा राहिला तेव्हा मुख्य साक्षीदार उप्टनच गायब. तो मेला, असं सांगितलं गेलं. क्रॉसफील्ड निर्दोष सुटला, बाकीच्यांनाही सोडावं लागलं. आता उप्टनच्या जबानीतून कुणी लमेत्रचं चरित्र उतरवून काढलं, तर ते चरित्र की चहाडी?

म्हणून सरकारी कागदाशेजारी आरोपीचा कागद ठेवा. लमेत्रने आपल्या अटकेची हकिगत १७९५ मध्ये छापली होती. तीही एकतर्फीच, पण दोन्हीकडे जुळतं तेवढं वापरता येतं. आडनाव शोधताना ते जोडून, तोडून, शिवाय मध्ये ‘स’ घालून, सगळ्या तऱ्हांनी टाका. कारकून कानाला लागेल तसं लिहीत.

बाप सापडत नाही?

बहुतेकजण क्लॉकमेकर्स कंपनीच्या नोंदी चाळून हात टेकतात. ही १६३१ ची संघटना खरी, पण घड्याळाच्या धंद्यातले कितीतरी लोक दुसऱ्याच संघटनांचे सभासद होते, काही कुठल्याच नव्हते. त्यापेक्षा राष्ट्रीय अभिलेखागारातला आयआर १ हा गठ्ठा बघा. १७१० पासून उमेदवार, म्हणजे धंदा शिकायला आलेला मुलगा, ठेवताना घेतलेल्या रकमेवर कर होता, त्याची ही वहीखाती. यात दोन खोडी आहेत. साधारण १७५२ नंतर बापाचं नाव क्वचितच लिहिलेलं असतं. आणि बापाकडेच फुकट शिकलेल्या मुलावर कर नाही, म्हणून त्याची नोंदही नाही.

आडनाव फ्रेंच दिसलं की थेट ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधून पळून आलेले प्रोटेस्टंट, म्हणून मोकळं होऊ नका. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरही तशीच आडनावं आहेत. बाप्तिस्मा फ्रेंच चर्चमध्ये आणि लग्न इंग्लिश चर्चमध्ये असं दिसलं तर गोंधळू नका. २५ मार्च १७५४ पासून क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावणं भाग होतं.

१७५२ आधीच्या तारखांत नवं वर्ष २५ मार्चला लागतं. नोंदवहीतला फेब्रुवारी १७४९ म्हणजे आपल्या हिशेबाने १७५०. एवढ्यावरून लोकांनी मुलं आईबापांच्या लग्नाआधी जन्माला घातलीत!

धागा तुटला तर

१७९८ मध्ये लमेत्रला पुन्हा उचललं आणि खटला न चालवता १८०१ पर्यंत डांबून ठेवलं. अशा माणसाचा पत्ता त्या वर्षांत चर्चच्या वहीत किंवा घरपट्टीत मिळाला नाही, तर तो मेला असं लिहून टाकू नका. आधी कैद्यांचे अर्ज शोधा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघात घर असेल तर मतदान पुस्तकं उघडा. १८७२ पर्यंत मतदान उघड होतं, त्यामुळे १७८४ च्या पुस्तकात नाव, धंदा आणि मत कुणाला दिलं हे एकाच ओळीत मिळतं. जनगणनेकडे मात्र घाईने धावू नका. देशभर सगळ्यांची नावं १८४१ पासूनच लिहिली जाऊ लागली.