लेख लिहायला नवे शब्द पाठ करू नका

मंडळाच्या स्मरणिकेसाठी किंवा कुणाच्या निवृत्तीसाठी चार ओळी लिहायच्या ठरल्या, की लोक आधी शब्दकोश उघडतात. "माझा शब्दसंग्रहच कमी आहे हो," हे मी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कितीदा तरी ऐकलंय. त्यावर रोज दहा नवे शब्द पाठ करा, असं सांगणारेही भेटतात. तो सल्ला मनावर घेऊ नका. पाठ केलेला शब्द वाचताना ओळखू येतो, लिहिताना मात्र हाताशी येत नाही. ओढून आणलाच, तर वाक्यात उपरा राहतो.

एक माणूस किंवा एक प्रसंग घ्या. पहिला खर्डा एका बैठकीत उरका. शब्द अडला तर जागा मोकळी सोडून पुढे जा.

आता अवघड काम. भारदस्त विशेषणं काढून तिथे माणूस काय करत होता ते लिहायचं. इथे मी बरीच वर्षं चुकत होतो. आमच्या मंडळाच्या महाप्रसादाचा मसालेभात करणारे आचारी गेले, तेव्हा मी लिहिलं होतं: 'पाककलेत निष्णात, कर्तव्यनिष्ठ व मितभाषी अशा या व्यक्तिमत्त्वाने अविरत सेवा प्रदान केली.' शोकसभेत ते वाचलं. नंतर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "छान लिहिलंयत हो, पण यात हे कुठे आहेत?" ते मला फार लागलं.

रात्री पुन्हा बसलो आणि डोळ्यांसमोर येईल तेवढंच लिहिलं: 'ते सारखं झाकण उघडायचे नाहीत. वाकून पातेल्याजवळ कान न्यायचे. रटरट थांबून बारीक चरचर ऐकू आली, की खालचे निखारे ओढून झाकणावर ठेवायचे.' यातला एकही शब्द शोधावा लागला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारतो आणि स्वतःला विचारतो, हे मला कशावरून कळलं? उत्तर येईल ते लिहायचं, विशेषण खोडायचं. उत्तरच आलं नाही, तरीही खोडायचं. 'प्रदान केली', 'संपन्न झाला', 'करण्यात आले' हे दिसलं की थांबा. दिली, झाला, केलं म्हणा, आणि कुणी केलं तेही सांगा. आवडतं वाक्य खोडताना जीव तुटतो. तिथेच बहुतेक जण माघार घेतात आणि लेख वाया जातो.

म्हणून शब्द थोडे असले तरी चालेल, असं मात्र नाही. पापड सादळतो, भिंतीला ओल येते, कपडे दमट राहतात, पावसात माणूस चिंब होतो. सगळीकडे 'ओला'च लिहिलं, तर यातलं काहीच दिसत नाही. उलट 'पाणी' खोडून 'जल' लिहिल्यानं लेखात काही भर पडत नाही. नेमके शब्द ते काम करणाऱ्यांच्या तोंडी असतात, त्यांना विचारा. आपल्या बडोद्यातच १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश निघाला, तो राज्यकारभारातल्या शब्दांचा. कचेरीत काम समोर होतं, त्याला शब्द हवे होते. तुम्हीही याच क्रमानं जा. आमचे आचारी फोडणीला 'वघार' म्हणायचे; पहिल्या लेखात मी तो शब्द बदलून 'फोडणी' केला होता, दुसऱ्यात त्यांचा शब्द परत आणला.

मग मोठ्यानं वाचा. दम लागेल तिथे वाक्य तोडा. शुद्धलेखन अगदी शेवटी.

एवढं झालं की त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. स्तुती करणारा श्रोता नको, चूक सांगणारा हवा. माझा दुसरा मजकूर मी काकूंना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. पातेल्याच्या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. "डावा कान," त्या म्हणाल्या. "उजव्यानं त्यांना कमी ऐकू यायचं."

'कान' च्या आधी मी 'डावा' लिहिलं.