शीटचा फोम नव्हे, उतार

मोटरसायकलवर दीडशे किलोमीटर झाले की बूड बधिर. आधी जेलची गादी टाकली. पहिला तास झकास, मग ती दबून खालचं कडक शीट पुन्हा टोचायला लागलं. मऊ म्हणजे आरामदायी, हा माझा भ्रम. वजन बसायच्या दोन हाडांवर येतं, त्यांना घट्ट आणि पसरट आधार लागतो.

खरी गोम वेगळीच निघाली. शीट पुढे उतरतं होतं, त्यामुळे मी सारखा टाकीवर घसरायचो आणि हातांनी स्वतःला मागे रेटायचो. मनगटं दुखायची ती त्यामुळेच. शीटचा पुढचा भाग दोनेक सेंटिमीटर उचलून घेतला, आत घट्ट फोम भरला. जीन्सची जाड शिवणही काचते, हे कळायला मात्र दोन वर्षं गेली! आता तासाभराने थांबतो, पाय मोकळे करतो.