मातीच्या किटलीला पातेलं समजू नका, आणि माठही नाही

माठाबद्दल नागपूरकरांना कोणी काही शिकवायची गरज नाही. घेताना बोटाच्या पेराने टणटण वाजवून पाहतो, घरी आणला की भिजवतो, पहिलं पाणी फेकतो आणि आतून साबण कधीच लावत नाही. हीच मंडळी चहासाठी मातीची किटली आणतात तेव्हा सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे. माझंही गेलं होतं.

पहिली किटली एका प्रदर्शनातून आणली. लाल मातीची, गोलमटोल. "गॅसवर चालते का?" विचारलं, तर विकणारा म्हणाला, "चालते ना, बिनधास्त ठेवा." पाणी भरून मंद आचेवर ठेवली. तीन-चार मिनिटांत 'टक्' असा बारीक आवाज आला, बुडापासून तोटीपर्यंत केसाएवढी रेघ उमटली आणि बर्नर फसफसला. आच बुडाच्या एकाच जागी लागते, तेवढीच माती प्रसरण पावते, वरचा भाग थंडच असतो. स्टील हे सोसतं, माती तडकते. चहा मुरवायच्या किटलीत चहा उकळायचा नसतोच. पाणी पातेल्यात उकळा आणि किटलीत ओता.

तेही एकदम नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, ओट्यावरची किटली बर्फासारखी गार असते. आधी कोमट पाण्याने विसळा, मग गरम पाण्याने, मग उकळतं ओता. उलटंही लक्षात ठेवा: चहा संपल्या संपल्या तापलेली किटली नळाखाली धरू नका.

आपली किटली कोणत्या जातीची आहे, हे आधी पाहून घ्या. आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर आतून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर आहे, ती कपबशीसारखी वापरा आणि साबणाने धुवा. फक्त स्वस्त, भडक रंगाचं ग्लेझ आतून असेल आणि कुठे बनलं ते माहीत नसेल, तर त्यात चहा नको. अशा ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. थेंब हळूहळू मुरला तर किटली बिनग्लेझची. चीनमधल्या यीशिंगच्या जांभळट मातीच्या, झीशाच्या किटल्या अशाच असतात. त्या साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजतात, म्हणून त्यांच्यातून पाणी पाझरत नाही. माठ त्याहून बराच कमी तापमानाला भाजलेला असतो, तो पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. तुमची किटली टेबलावर ओलं वर्तुळ सोडत असेल तर ती चहाची नाही, तिच्यात पाणीच ठेवा.

आता आपल्या घरांतली सगळ्यात मोठी चूक: दूध. आलं-दूध-साखरेचा उकळलेला चहा बिनग्लेझच्या किटलीत ओतला की दुधाचा स्निग्धांश मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो. मे महिन्यात ४५ अंशांत सकाळचा चहा ओतून किटली नुसती विसळून ठेवा आणि संध्याकाळी नाक लावून बघा, मी काय म्हणते ते कळेल. दुधाचा चहा पातेल्यातून गाळून थेट कपात. मातीची किटली कोऱ्या चहासाठी: दार्जिलिंग, आसामची पानं, ग्रीन टी. त्यातही एका किटलीत एकच प्रकार, कारण एकदा वेलदोडा मुरला की पुढचे कित्येक दिवस दार्जिलिंगलाही वेलदोड्याचाच वास.

मी हे सगळं शिकून दुसरी किटली घेतली, वर्षभर जपली. आतून सुंदर तपकिरी रंग धरला होता. एका सकाळी कामाच्या मावशी अभिमानाने म्हणाल्या, "ताई, किती काळी होऊन राहिली होती तुमची किटली! मी तारेच्या घासणीनं लख्ख केली." त्यांची चूक नव्हती, मीच सांगितलं नव्हतं. पुढचा चहा लिंबाच्या साबणाचा लागला.

असं झालं तर किटली फेकू नका. मोठ्या पातेल्यात तळाला जाड फडकं घाला, किटली आणि झाकण वेगवेगळं ठेवा, बुडेल एवढं गार पाणी भरा आणि अगदी मंद आचेवर तापवा. पंचवीस-तीस मिनिटं नुसतं बुडबुडू द्या, पाण्यातच निवू द्या. वास गेला नाही तर पाणी बदलून पुन्हा. माझ्या किटलीला तीन वेळा करावं लागलं. वास जास्तच हट्टी असेल तर लिटरभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवा आणि नंतर साध्या पाण्यात एकदा उकळा. व्हिनेगर नको, त्याचाच वास मागे राहतो.

बुरशीचं कारण जवळजवळ नेहमी झाकण असतं. माठ सतत भरलेला चालतो, किटली मात्र रोज कोरडी व्हायला हवी. चोथा लगेच काढा. रात्रभर तसाच ठेवला की किटली 'मुरते', असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. झाकण बाजूला ठेवून वाळवा. उन्हाळ्यात तासाभरात खडखडीत होते, पण कूलरच्या झोतात ठेवलीत तर दमटच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात नको, आणि डांबराच्या गोळ्यांजवळ तर मुळीच नको. बुरशी आलीच तर मऊ ब्रशने काढून वरच्यासारखी उकळा आणि उन्हात वाळवा.

पांढरी रेघ दिसते? ते बोअरच्या पाण्यातले क्षार. चहाला नळाचं गाळलेलं पाणी घ्या.

चकाकीसाठी खोबरेल चोळणारेही भेटले आहेत मला. ते चिकटतं, मग खवट होतं. चकाकी रोजच्या चहाने आणि सुती फडक्याने येते, वर्षं लागतात.

धार बारीक पडते, किंवा थांबून थांबून पडते? आधी झाकणावरचं बारीक भोक पाहा. त्यातून हवा आत गेली तरच चहा बाहेर येतो. किटली कलती असताना त्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबली पाहिजे. थांबली तर झाकण नीट बसतं. भोक मोकळं असूनही धार अडते, तर तोटीच्या आतल्या जाळीत भुकटी अडकलेली असते. आपली रोजची दाणेदार चहा पावडर (सीटीसी) फुगून तिथेच बसते. दातकोरणीने हलकेच काढा, सुई घालू नका.

चीर गेलेली किटली इपॉक्सीने चिकटवून पुन्हा चहाला वापरू नका. चीर आहे की नाही, हे कळत नसेल तर ओळखायची रीत माठाचीच: पेराने वाजवा, आवाज बद्द आला की समजा.