नाशकात बाहेर खायचंच आहे पण पोटाचा घेर वाढू द्यायचा नाही, तर काय काय करायचं

मागच्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी कंबर 104 सेंटिमीटर भरली आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीएवनसी म्हणतात ना ते, 6.3 आलं. डॉक्टर म्हणाले डायबिटीस नाही अजून, पण उंबरठ्यावर उभे आहात. आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात, म्हणजे मी किती पुढे गेलो होतो बघा. मी नाशकातल्या अंबडला नोकरीला आहे, शिफ्टमुळे महिन्यातून आठ-दहा वेळा तरी बाहेर जेवण होतं, शिवाय रविवारची मिसळ आहेच. ती मला सोडायची नव्हती आणि मी सोडली पण नाही. आज कंबर 95 आहे, अजून 5 सेंटिमीटर उतरायचं बाकी आहे. काय केलं ते सगळं लिहितोय, कारण ऑफिसात चार जणांनी विचारलं आणि प्रत्येकाला वेगळं सांगताना काहीतरी राहून जातं.

आधी टेप घ्या. शिवणाच्या डब्यात असतो तोच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायचा, श्वास सोडून झाला की मोजायचं, पोट आत ओढायचं नाही. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, आपण सगळे पँट पोटाच्या खाली घालतो त्यामुळे 36 ची पँट घालणाऱ्याचं पोट आरामात 40 इंच निघतं. महिन्यातून एकदा मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. वजनकाटा दोन दिवसांत दीड किलो इकडे तिकडे होतो, टेप एवढा फसवत नाही.

आता मिसळ, कारण नाशिककराला पहिला प्रश्न तोच असतो. मागे एकदा गंगापूर रोडवरून दोन प्लेट पार्सल आणली, घरी आल्यावर कळलं की आईचा उपवास आहे आणि बायकोला बरं नव्हतं, मग रस्सा तसाच स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी झाकण उघडलं तर वर लालभडक तेलाचा जाड थर थिजलेला, मधेमधे काळ्या मसाल्याचे ठिपके. मी तो चहाच्या चमच्याने वाटीत काढला आणि काढताना मोजला, 11 चमचे झाले. दोन प्लेटचे अकरा, म्हणजे एकाच्या वाट्याला साडेपाच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात वरचं तेल-तूप 27 ग्रॅम धरलंय, म्हणजे साधारण सहा चमचे. दिवसाचं जवळपास सगळं तेल सकाळी नऊच्या आत एका वाटीतून पोटात, आणि त्यात फरसाणाचं तेल धरलेलंच नाही. ती वाटी मी बायकोला दाखवली, आईला दाखवली, मुलीला पण दाखवली. तुम्ही पण एकदा करून बघा, सांगून कळत नाही, बघितल्यावर कळतं.

आणि खरं सांगतो, तेल काढलेला तो रस्सा गरम करून खाल्ला तेव्हा चवीत फार फरक नव्हता. मसाला रश्श्यात पण असतोच की, तर्रीत रंग आणि झणका जास्त. तेव्हापासून ऑर्डर देतानाच सांगतो, "दादा, तर्री वेगळ्या वाटीत द्या, मटकी जरा जास्त आणि फरसाण बाजूला." ऑर्डर देतानाच सांगायचं हे महत्त्वाचं, प्लेट समोर आल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर तर्री आत मुरलेली असते. वेगळ्या वाटीतली तर्री मी पण घेतो, एक-दोन चमचे, वास येईल एवढी. रस्सा अनलिमिटेड असतो तिथे दुसऱ्यांदा मागताना म्हणायचं "खालून द्या", वाढपी दादाला बरोबर कळतं, तो डाव खाली घालून काढतो आणि वरचं तेल येत नाही. पहिल्यांदा मला संकोच वाटला होता, पण एकाही ठिकाणी कोणी नाही म्हटलं नाही, उलट बारदान फाट्याकडच्या एका ठिकाणी दादा म्हणाला की बरेच जण मागतात आता.

पावाचं काय, एका पावाच्या शंभरेक कॅलरी असतात. दोन पाव खाल्ले तर काही बिघडत नाही, बिघडतं ते न मागता आलेल्या तिसऱ्या-चौथ्या पावाने, आपण गप्पा मारत असतो आणि कोणीतरी ठेवून जातं. म्हणून दुसरा उचलला की "पाव बस" सांगून टाकायचं. फरसाण मूठभर म्हणजे दीडशेच्या आसपास, ते वरून भिजवून खाण्यापेक्षा बाजूला घेऊन कुरकुरीत खाल्लं तर कमी लागतं. जिलबी चौघांत एक प्लेट. दही, कांदा, लिंबू पाहिजे तेवढं घ्या.

आता नियमांचं. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की आपल्याला काय बघायचा हक्क आहे. ज्यांच्याकडे एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, सेंट्रल लायसन्स आहे किंवा ज्यांची 10 किंवा जास्त ठिकाणी आउटलेट आहेत अशा हॉटेलांना 1 जुलै 2022 पासून मेनूकार्डवर किंवा बोर्डवर प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी आणि एका सर्व्हिंगचं माप लिहावं लागतं. म्हणजे कॉलेज रोडवर किंवा मॉलमध्ये पिझ्झा-बर्गरच्या ज्या मोठ्या चेन आहेत तिथे हा आकडा असायला पाहिजे. बारीक अक्षरात असतो, पण शोधायचा. आणि फक्त आकडा बघून थांबायचं नाही, तो किती ग्रॅमचा किंवा किती तुकड्यांचा आहे ते बघायचं, कारण एका सर्व्हिंगचा आकडा छोटा दिसतो आणि आपण दोन-तीन सर्व्हिंग खाऊन उठतो. कॉम्बोमध्ये कोल्ड्रिंक येतं, 300 मिलीच्या कोल्यात तीसेक ग्रॅम साखर असते, सहा-सात चमचे. मघाशी सांगितलेल्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसभराची वरची साखर 25 ग्रॅम धरलीय. मी काउंटरवर सांगतो कॉम्बो नको, सुटं द्या आणि पाणी द्या. कधी कधी सुटं घेतलं तर पाच-दहा रुपये जास्त पडतात, पडू द्या.

मिसळवाला, ढाबा, पंचवटीतली भजी-वड्याची गाडी, यांना हा कॅलरीचा नियम लागू नाही, आणि माझं मत विचाराल तर लागू करू पण नये. रोज आचारी बदलतो, हाताचा अंदाज बदलतो, गाडीवाल्याने आकडा लिहिला तरी तो खरा कशावरून? तिथे आकड्यापेक्षा "तर्री वेगळी द्या" हे तीन शब्द जास्त कामाचे.

पण एक गोष्ट मला मनापासून वाटते. "आम्ही काय खायचं ते आमचं आम्ही बघू, सरकारने ताटात डोकावू नये" असं जे म्हणतात त्यांचं मला अर्धं पटतं. तर्री किती घ्यायची, जिलबी खायची का नाही, हे माझं मी ठरवणार, कारण ते मला समोर दिसतंय. पण कढईतलं तेल किती वेळा तापवलंय हे मला दिसत नाही. समोसा ज्या वनस्पती तुपात तळला त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे हार्टला वाईट असलेली चरबी, किती हे जगातला कुठलाही गिऱ्हाईक चव घेऊन सांगू शकत नाही, मग तिथे माझी निवड कसली? जे दिसत नाही तिथे नियम पाहिजेच, आणि कडक पाहिजे. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आपल्याकडे 2021 मध्ये 3 टक्के आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली, आठवा बरं, तेव्हा तुमच्या खारी-बिस्किटातलं काही हिरावून घेतल्यासारखं वाटलं का? मला तरी कळलं पण नाही, आणि हार्टला फायदा मात्र आहे.

उलट टोकाचं उदाहरण केरळचं. 2016 मध्ये तिथे ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के फॅट टॅक्स लावला होता, 2017 ला जीएसटी आला आणि तो गेला. बर्गरवर कर आणि शेजारच्या छोट्या हॉटेलातल्या तेलकट परोट्यावर काही नाही, अशाने माणूस फक्त दुकान बदलतो. 2025 च्या जुलैत आपल्या व्हॉट्सॲपवर पण फिरलं होतं की समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार म्हणून. तसं काही नव्हतं, ऑफिसांमध्ये तेल आणि साखर किती असते हे दाखवणारे बोर्ड लावा अशी ती सूचना होती, सरकारने नंतर खुलासा पण केला. आमच्या कॅन्टीनमध्ये असा बोर्ड लावा म्हणून मी एचआरला दोनदा सांगितलंय, अजून लागलेला नाही, तिसऱ्यांदा सांगणार आहे. तुम्ही पण तुमच्याकडे सांगा.

तेलाकडे लक्ष कसं ठेवायचं ते सांगतो. तळायच्या तेलात खराब झालेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही असा नियम 2018 पासून आहे. तो मोजायला मीटर लागतो, आपल्याकडे डोळे आणि नाक आहे. तेल काळपट आणि दाट झालंय, पदार्थ सोडला की बारीक चिकट फेस येतोय आणि तो बसत नाहीये, आच मंद असून धूर निघतोय, यातलं काही दिसलं तर तिथे तळलेलं घ्यायचं नाही, बस. मागे एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) साबुदाणा वडा घेतला, आतून छान पण खाल्ल्यावर घशात खवखव आणि कडवट चव तासभर राहिली. बिलावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असतो, तो आता छापावाच लागतो, त्याचा फोटो काढून ठेवला आणि फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार टाकली. राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या (एफडीए) ऑफिसात पण तक्रार देता येते. पण त्याआधी मालकाशी एकदा शांतपणे बोला, भांडू नका, पुष्कळदा मालक गल्ल्यावर असतो आणि मागे कढईत काय चाललंय ते त्याला खरंच माहीत नसतं.

पंजाबी हॉटेल आणि ढाब्यावर माझा एकच मोठा नियम आहे, ऑर्डर दोन टप्प्यांत द्यायची. भूक लागलेली असताना आपण चौघांत तीन भाज्या, दोन स्टार्टर, वर बटर नान सांगून बसतो आणि टेबलावर आलेलं टाकवत नाही, कारण अन्न टाकायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मग पोट भरलेलं असताना पण ती काजू करी संपवली जाते. त्यापेक्षा आधी भाजलेला पापड, ताक आणि एक सॅलड, मग चौघांत दोन भाज्या आणि तंदूर रोटी बिना बटरची. कमी पडलं तर पुन्हा मागवा, हॉटेल काही पळून जात नाही. आमचं चार वेळा तरी कमी पडलेलं नाही. उरलंच तर पार्सल, लाजायचं नाही. थाळीच्या ठिकाणी आग्रह करून वाढतात तिथे ताटावर आडवा हात धरायचा आणि हसून "झालं दादा" म्हणायचं, दोनदा म्हणावं लागतं.

संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालत दोन-तीन राउंड मारतो, त्याचा फायदा आहेच, पण चालून सगळी तर्री जिरते असं समजू नका. अर्धा तास चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, म्हणजे मघाशी म्हटलं ते मूठभर फरसाण.

आणि हे सगळं स्वतःच्या ताटापुरतं ठेवा. माझ्या एका मावसबहिणीला लग्नाच्या पंगतीत कोणीतरी सगळ्यांसमोर "अगं किती घेतेस" म्हटलं होतं, त्यानंतर ती चारचौघांत जेवेनाशीच झाली, कार्यक्रमात नुसती कोशिंबीर घेऊन बसायची आणि घरी येऊन रात्री अकराला भुकेने मिळेल ते खायची. वजन कमी व्हायचं सोडून वाढलं. थायरॉइड असतं, औषधं असतात, झोप नसते, बाहेरून आपल्याला काय कळतं? भारतात साधारण चारातली एक बाई आणि जवळपास तेवढेच पुरुष जास्त वजनाचे आहेत असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय, इतक्या सगळ्यांना एकाच वेळी जिभेवर ताबा नाही असं कसं म्हणणार? बाहेरच्या खाण्यात तेल-साखर वाढलीय, प्लेटी मोठ्या झाल्यात, घरबसल्या ऑर्डर येतेय. कोणी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर त्याला पोटभर जेवू द्या.

नाशकातले कोणी मिसळवाले किंवा हॉटेलवाले वाचत असतील तर एक विनंती आहे. मेनूवर दोन ओळी छापा, "हाफ मिसळ मिळेल" आणि "तर्री वेगळी मिळेल". खर्च काही नाही, तर्री तर तुमची वाचेलच, आणि माझ्या आईसारखी बीपी-शुगरची माणसं जी आता गाडीतच बसून राहतात आणि म्हणतात तुम्ही खाऊन या, ती पण आत येऊन बसतील.