४००जी एसआर४ लिंक चालू करण्याआधीची तयारी

४००जी म्हणजे सेकंदाला ४०० गिगाबिट. आधी मॉड्यूलवरचं, म्हणजे स्विचमध्ये बसून विजेचे संकेत प्रकाशात बदलणाऱ्या भागावरचं, लेबल वाचा. ४००जीबेस-एसआर४ (चार लेनांवर, म्हणजे चार समांतर वाटांवर पाठवणारं) असेल तर ओएम४ प्रतीच्या मल्टिमोड फायबरवर १०० मीटर आणि त्याखालच्या ओएम३ वर ६० मीटर मिळतात. कमी अंतराचं व्हीआर४ असेल तर तेच ५० आणि ३० होतात. दोन्ही २०२२ च्या आयईईई ८०२.३डीबी मानकातली आणि दिसायला सारखीच, त्यामुळे ऑर्डर देताना हमखास गल्लत होते. अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढू नका: केबल रॅकमधून वर चढते, ट्रेमधून वळसे घेते, पलीकडे उतरते आणि टोकाला गुंडाळीही राहते.

लांबीपेक्षा जोड जास्त खातात. सगळ्या जोडांना मिळून जेमतेम १.५ डीबी (प्रकाश किती घटतो याचं माप) मिळतात. साध्या एमपीओच्या (एकाच टोकात बारा फायबर असलेल्या कनेक्टरच्या) एका जोडाला कमाल ०.७५ धरतात, म्हणजे दोन पॅच पॅनलमध्येच बजेट संपलं. लो-लॉस एमपीओ ०.३५ चे घेतले तर चार जोड बसतात. इथे पैसे वाचवू नयेत.

पॅच कॉर्ड (मॉड्यूलला लावायची छोटी केबल) मागवताना तीन गोष्टी लिहूनच द्या: एपीसी, पिनांशिवाय, टाइप बी (फायबरांचा क्रम उलटवणारी). एपीसी म्हणजे टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं. पीएएम४ ला (प्रकाशाच्या चार पातळ्यांनी बिट पाठवण्याच्या पद्धतीला) परतणारा प्रकाश फार त्रास देतो, म्हणून मल्टिमोड असूनही इथे एपीसीच लागतं. जुन्या १००जी एसआर४ च्या सपाट टोकाच्या केबली कपाटात पडलेल्या असतात आणि त्या याच सॉकेटमध्ये ‘टक्’ आवाज करून बसतातही. पण आत टोकं नीट टेकत नाहीत. लिंक येत नाही किंवा आली तरी सारखी पडत राहते. पिना मॉड्यूलमध्ये असतात, म्हणून पॅच कॉर्ड बिनपिनांची आणि ट्रंक (दोन पॅच पॅनलमधली मुख्य केबल) दोन्ही टोकांना पिनांची. पिनेवर पिन दाबली तर दोन्ही टोकं कामातून जातात.

पोलॅरिटीचा, म्हणजे पाठवणारं फायबर समोरच्या घेणाऱ्या जागी पोचवण्याचा, हिशेब सोपा आहे. मॉड्यूल १ ते ४ क्रमांकाच्या फायबरवरून पाठवतं आणि ९ ते १२ वर घेतं. टाइप बी केबल हा क्रम उलटवते. एपीसीचे अ‍ॅडॅप्टर एक खाच वर, एक खाली असे असतात आणि क्रम बदलत नाहीत. त्यामुळे वाटेत टाइप बी केबल विषम संख्येतच हव्यात: थेट एक, नाहीतर पॅच-ट्रंक-पॅच अशा तीन.

साफसफाईला एमपीओचा क्लिक क्लीनर आणि बाराही फायबर दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा. बघा, पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा. कोऱ्या पिशवीतली केबलही यातून सुटत नाही, कारण टोपीच्या आतली धूळ टोकावर बसते. मॉड्यूलचं सॉकेट बहुतेक जण विसरतात. सुकं पुसून डाग जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि लगेच कोरडं करा. ओलं टोक तसंच जोडलं तर अल्कोहोल सुकून नवा डाग उरतो. शेजारच्या हॉलमध्ये फरशी कापण्याचं काम चालू असेल तर त्या दिवशी टोप्या उघडूच नका.

एका ४००जी लिंकच्या चार १००जी लिंक फोडणार असाल तर समोर एकाच लेनचं १००जी एसआर१ हवं. जुनं १००जी एसआर४ चालत नाही, त्याच्या लेन २५जी एनआरझेड (प्रकाशाच्या दोनच पातळ्यांच्या) असतात.

लिंक आल्यावर हिरवा दिवा पाहून निघू नका. चारही लेनची आरएक्स पॉवर (पोचलेल्या प्रकाशाची ताकद) वाचा. एकच लेन खाली असेल तर त्या फायबरवर घाण आहे. चारही खाली असतील तर वाकलेली केबल किंवा चुकीचा जोड शोधा. मग एफईसीआधीचा (चुका आपोआप दुरुस्त होण्याआधीचा) बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, बघा. दहा हजार बिटांत २.४ चुका ही इथे वापरल्या जाणाऱ्या केपी४ एफईसीची मर्यादा. आकडा तिच्या जवळ असेल तर लिंक आज चालेल, हॉल तापला की पडेल. दहा लाखांत एकाहून कमी चूक असेल तरच आम्ही लिंक ताब्यात देतो. हे आकडे, तापमान आणि केबलचे क्रमांक २४ तास भार टाकून पुन्हा नोंदवा.