पार्टला बर आला की लगेच डाय खोलू नका: प्रेस शॉपमधल्या या चुका टाळा

गोव्यात वेर्णा असो, कुंडई असो नायतर डिचोलीकडची एखादी छोटी शेड, पॉवर प्रेसवर काही बिघडलं की पहिला डायलॉग सगळीकडे सेम, "टूल (पंच-डायचा सेट) उतरवा, धार लावून आणा". बर (कापलेल्या कडेला उभी राहिलेली टोचरी किनार) आला, धार लावा. भोक सरकलं, धार लावा. बेंडचा अँगल उघडला तरी धारच लावा. अर्धी शिफ्ट त्यात जाते, टूल परत चढतं आणि पहिल्या शंभर पार्टांतच तोच बर परत दिसतो, कारण मुळात धार गेलेलीच नसते. वरून प्रत्येक ग्राइंडिंगला डायची थोडी उंची कायमची जाते ते वेगळंच. म्हणून टूलच्या बोल्टला पाना लावायच्या आधी स्ट्रिप (टूलमधून सरकणारी पत्र्याची पट्टी) बाहेर काढा, उजेडात धरा आणि पार्टची कापलेली कड नीट बघा, दहा मिनिटांचं काम आहे पण नव्वद टक्के शॉपमधे कोणी करत नाही. (नव्वद टक्के हा माझा अंदाज हां, कोणी मोजलेलं नाही.)

कड काय सांगते

वरचा पंच खालच्या डायवर ठेवलेल्या पत्र्यात शिरतो तेव्हा आधी कड जराशी गोल दबते, मग काही जाडीपर्यंत चकचकीत कापलं जातं आणि उरलेला पत्रा तुटतो, तो भाग मळकट खरखरीत दिसतो. साध्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्यात चकचकीत पट्टा साधारण जाडीच्या एक तृतीयांश दिसला की क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) ठीक आहे समजायचं. कड जास्तच गोल झालीय, चकचकीत पट्टा बारीक आहे आणि बर मोठा आहे, तर क्लिअरन्स जास्त. चकचकीत पट्ट्याखाली तुटलेला भाग आणि त्याखाली परत दुसरा चकचकीत पट्टा दिसला तर क्लिअरन्स कमी आहे, पत्रा दोनदा कापला जातोय आणि पंच उगाच घासतोय.

बर सगळीकडून सारखा आहे आणि आठवड्याभरात हळूहळू वाढलाय? मग खरंच धार गेलीय, ग्राइंडिंग करा. एका बाजूला बर आणि समोरच्या बाजूला कड स्वच्छ, तर पंच डायच्या मधोमध उतरत नाही, म्हणजे पिलर-बुश (टूल सरळ उतरवणारे खांब आणि त्यांच्या नळ्या) झिजलेत किंवा रॅमच्या (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाच्या) गिबमधे, म्हणजे गाइडमधे, ढिलाई आहे किंवा कोणीतरी टूल चढवताना खाली स्क्रॅपचा तुकडा ठेवून बोल्ट आवळलेत. इथे कितीही धार लावा, दोन दिवसांत परत तेच. आणि काल नव्हता, आज एकाच ठिकाणी टोचतो असा बर आला तर तिथे धारेचा टवका उडालाय, भिंगातून बघितलं की लगेच कळतं.

क्लिअरन्स किती ठेवायचा यावर टूलरूममधे दरवेळी वाद होतो. मऊ स्टीलला एका बाजूला जाडीच्या ६ ते १० टक्के हा जुना हिशोब चालतो, म्हणजे १.२ मिमी पत्र्याला ८ टक्क्याने साधारण ०.१ मिमी. कडक मटेरियलला जास्त लागतो. इथे नवीन टूलमधे होणारी हमखास चूक म्हणजे क्लिअरन्स चुकीच्या बाजूला देणं. भोकाचा साइज पंचवर ठरतो आणि ब्लँकचा साइज डायवर, त्यामुळे भोक पाडताना क्लिअरन्स डायमधे वाढवायचा आणि ब्लँक कापताना पंचमधून कमी करायचा. उलटं केलं की टूल एकदम मस्त चालतं फक्त पार्ट गेजमधे बसत नाही!

अजून एक, बर कुठल्या बाजूला येणार हे आधीपासून ठरलेलं असतं. भोकाचा बर डायच्या बाजूला येतो, ब्लँकचा पंचच्या बाजूला. ड्रॉइंगवर बर साइड लिहिलेली असते ती लेआउट काढायच्या वेळीच बघायची, टूल बनून आल्यावर कस्टमर ओरडला की मग पार्ट उलटा करायला जागा उरत नाही.

धार लावायचीच असेल तर

चकचकीत होईपर्यंत घासत बसू नका, साधारण ०.०५ ते ०.१ मिमीत काम व्हायला पाहिजे. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर तुम्ही उशीर केलाय. कूलंट चालू ठेवून, हलके कट घेऊन. डी२ किंवा एचसीएचसीआर (टूलचं कडक पोलाद) वर निळसर तपकिरी डाग दिसला म्हणजे वरचा थर भाजला, तिथला कडकपणा गेला, ती धार टिकणार नाही. ग्राइंडिंग मॅग्नेटिक चकवर होतं म्हणून नंतर पंच-डाय डिमॅग्नेटाइज करायला विसरू नका, स्लगच्या (भोकातून निघालेल्या तुकड्याच्या) प्रॉब्लेमचं अर्धं मूळ इथेच असतं.

प्रोग्रेसिव्ह टूलमधे (एकाच टूलमधे ओळीने अनेक स्टेशन) यापुढची चूक जास्त महाग पडते. कटिंगचे इन्सर्ट घासले, उंची कमी झाली, पण बेंडिंग-फॉर्मिंगचे स्टेशन आहे तिथेच राहिले. आता फॉर्मिंग आधी बसतं, स्ट्रिप उचलली जाते, पिच (दर स्ट्रोकला स्ट्रिप सरकायचं अंतर) हलते आणि सुपरवायझर म्हणतो फीडर खराब आहे. जेवढं घासलं तेवढी शिम (उंची भरायची चपटी पट्टी) खाली द्या, आणि एकच जाड शिम द्या, पत्र्याच्या तुकड्यांची चळत नको, ती लोड आल्यावर स्प्रिंगसारखी दबते. किती घासलं, किती शिम दिली हे टूलच्या कार्डवर लिहा, कार्ड नसेल तर टूलवरच खडूने लिहा पण लिहा.

फीड आणि पायलट

फीडरचं काम स्ट्रिप साधारण जागेवर आणायचं, नेमक्या जागेवर आणायचं काम पायलटचं, म्हणजे आधी पाडलेल्या भोकात शिरणाऱ्या पिनचं. हे उलटं समजून फीडर घट्ट आवळून ठेवतात आणि मग पायलट तुटतात. पायलट भोकात शिरायला लागला की त्याच वेळी फीडरच्या रोलची पकड सुटली पाहिजे. उशिरा सुटली तर पायलट आणि रोल एकमेकांशी भांडतात, लवकर सुटली तर मागे लोंबणाऱ्या लूपच्या वजनाने स्ट्रिप मागे सरकते. आणि हे सेटिंग इंचिंगवर (प्रेस थोडी थोडी सरकवत) करून निघून जायचं नाही, प्रेस ज्या स्पीडला चालणार त्याच स्पीडला परत तपासा, हळू चालवताना सगळं बरोबरच दिसतं.

आता स्ट्रिप बघायची. पायलटचं भोक लांबट झालंय का? स्ट्रिप ज्या दिशेला जाते त्या बाजूची कड फाटलीय तर फीड कमी पडतंय, पायलट स्ट्रिपला पुढे ढकलतोय. मागची कड फाटलीय तर फीड जास्त आहे. एवढं साधं आहे, तरी लोक फीडरचा स्क्रू अंदाजाने इकडे-तिकडे फिरवत बसतात. फाटणं आडव्या दिशेला असेल तर गाइड रेल किंवा कॉइलचा तिरकेपणा बघा, स्ट्रेटनर न वापरता चालवलं की कॉइलचा बाक स्ट्रिपमधे तसाच राहतो आणि ती लिफ्टरवर (स्ट्रिप उचलून धरणाऱ्या पिनांवर) नीट बसत नाही.

नवीन कॉइल लावताना पहिल्या स्ट्रोकला स्ट्रिपचं टोक कुठपर्यंत घालायचं याची खूण डायवर कायमची करून ठेवा. टोक अर्ध्या पंचखाली आलं की पंचवर एका बाजूनेच लोड येतो, बारीक पंच वाकतो आणि डायची कड खातो. कॉइल संपताना शेवटच्या तुकड्यालाही हेच लागू, दोन पार्ट वाचवायच्या नादात पंच गमावू नका.

स्लग वर येणं

भोकाचा तुकडा खाली पडायच्या ऐवजी पंचला चिकटून वर येतो आणि पुढच्या स्ट्रोकला पत्र्यावर दाबला जातो, पार्टवर अर्धचंद्रासारखा ठसा दिसला की समजा. कारणं बरीच, जाड तेलाने चिकटणं, पंचच्या तोंडाशी व्हॅक्यूम, राहिलेलं मॅग्नेटिझम, जास्त क्लिअरन्स, नुकतीच लावलेली एकदम धारदार कड. आधी फुकटचे उपाय करा, तेल कमी करा, डिमॅग्नेटाइज करा, पंच डायमधे मिमी-दोन मिमी खोल जातोय का बघा. नाहीच थांबलं तर पंचमधे स्प्रिंगची इजेक्टर पिन घाला किंवा हवेचं भोक द्या. मिसफीडचा (स्ट्रिप चुकीची सरकली हे ओळखणारा) सेन्सर सारखा मशीन थांबवतोय म्हणून तो बायपास करणं हा उपाय नाही, तो सेन्सर तुमचा डाय वाचवतोय आणि तुम्ही त्याचीच वायर तोडताय.

प्रेस छोटी का पडते

टनेज काढणं कठीण नाही. कापली जाणारी एकूण लांबी गुणिले जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ (पत्र्याची कापण्याला विरोध करायची ताकद). समजा सगळ्या स्टेशनची मिळून कापायची लांबी ६०० मिमी, पत्रा १.२ मिमी, शिअर स्ट्रेंग्थ ३०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली, तर २,१६,००० न्यूटन, म्हणजे २२ टन. त्यात स्ट्रिपर (पंचवरून पत्रा सोडवणारी प्लेट), स्प्रिंग, बेंडिंग धरा, आणि मेकॅनिकल प्रेस पूर्ण टनेज फक्त स्ट्रोकच्या तळाशी देते हेही धरा, मग ३० टनाची प्रेस उगाच ओढून नेण्यात अर्थ नाही.

पण खरी गडबड आकड्यापेक्षा जागेची असते. टूल बोल्स्टरच्या (प्रेसच्या टेबलाच्या) मधोमध ठेवलं म्हणजे लोड मधोमध आला असं होत नाही. पहिल्या स्टेशनला चार बारीक भोकं आणि शेवटी मोठं ब्लँकिंग, म्हणजे लोड एका टोकाला, रॅम तिरका, पिलर एका बाजूने झिजणार. लोडचं केंद्र रॅमखाली आणा. आणि सगळे पंच एकदम उतरवू नका, मोठे पंच बारीक पंचांपेक्षा साधारण पत्र्याच्या जाडीएवढे जास्त लांब ठेवले की धक्का विभागला जातो, बारीक पंचही वाचतात. प्रत्येक स्ट्रोकला शेड हादरत असेल तर हे आधी बघा.

मटेरियल बदललं, टूल तेच

काल अँगल ९० होता, आज ९२, कोणी हात लावलेला नाही. कॉइल बदलली का ते विचारा. मायक्रोमीटर लावा, दुसऱ्या लॉटचा पत्रा जाडीला किंवा कडकपणाला वेगळा निघतो आणि स्प्रिंगबॅक (बेंड थोडा परत उघडणं) बदलतो. बेंडला तडे जात असतील तर रोलिंगची दिशा बघा, बेंडची रेषा रोलिंगला समांतर आली की पत्रा तिथे लवकर फुटतो. स्वस्तात मिळाला म्हणून डी ग्रेडचा पत्रा ईडीडीच्या (जास्त खोल ओढता येणाऱ्या ग्रेडच्या) जागी पत्रा खोल ओढायच्या कामाला लावायचा आणि मग टूलमेकरला शिव्या द्यायच्या हा प्रकार तर नेहमीचाच.

आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा

हे घाटावरच्या लोकांना सांगून पटत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, जून ते सप्टेंबर हवेत नुसता ओलावा, आणि आपण कॉइल ठेवतो शटरच्या बाजूला थेट लादीवर. लाकडी ओंडक्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब, आणि आधी आलेली आधी वापरा. चोर्ल्याच्या घाटातून रात्री आलेली कॉइल थंड असते, सकाळी दमट शेडमधे तिचं पॅकिंग लगेच फाडलं की पत्र्यावर पाणी धरतं आणि ते वेटोळ्यांच्या आत शिरतं. शेडच्या तापमानाला येईपर्यंत पॅकिंग तसंच राहू द्या. जीपी (जस्त चढवलेल्या) पत्र्यावर असंच पाणी अडकलं की पांढरा गंज येतो, तो पुसून जात नाही.

घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबडे होतात, म्हणून चेकिंगवाल्यांनाही ग्लोव्ह द्या. धुतलेले पार्ट पूर्ण सुकल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे नाहीत, पिशवीतला ओलावा बाहेर जात नाही आणि माल कस्टमरकडे पोचेपर्यंत लाल झालेला असतो.

स्टेनलेसवाल्यांची वेगळीच बोंब, "३०४ आहे तरी गंजला कसा?" बऱ्याचदा तो पार्ट स्वतः गंजलेला नसतो. त्याच टूलवर आधी साधं लोखंड चालवलेलं असतं, त्याचा चुरा स्टेनलेसमधे दाबला जातो आणि तो गंजतो. टूल नीट पुसा, जमलं तर वेगळंच ठेवा. समुद्राच्या अगदी जवळ बसणारा पार्ट असेल तर ३०४ वर मीठाने डाग पडतातच, तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्यायचं हे कस्टमरला कोटेशनच्या वेळीच सांगा.

आणि चवथ. सगळे गावाला जातात, शेड आठवडाभर बंद, आणि स्ट्रिप डायमधे तशीच दाबून ठेवलेली. परत येऊन बघावं तर स्ट्रिपचा ठसा गंजाने डायवर उमटलेला. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचे दोन तास प्रोडक्शन घेऊ नका, टूल उघडा, पुसा, गंजरोधक तेल लावा, मग पंचखाद्य बनवायला जा.

हात आत घालायचा नाही

जुन्या की-क्लचच्या (चावीने फ्लायव्हीलला जोडल्या जाणाऱ्या) प्रेसमधे एकदा स्ट्रोक सुटला की मधेच थांबत नाही, आणि चावी झिजली तर पेडल न दाबता दुसरा स्ट्रोकही येऊ शकतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतो. अडकलेला स्लग काढायचा तर फ्लायव्हील थांबू दे, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा, आणि मगच. दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एकाला टेप लावून ठेवलेली दिसली तर ती आधी काढा, टार्गेट नंतर बघू.

टूल बाहेर बेळगावला नायतर कोल्हापूरला रिपेअरला पाठवायचं झालं तर नुसतं टूल गाडीत टाकू नका. शेवटची अख्खी स्ट्रिप, शेवटचे चार-पाच पार्ट, प्रत्येक भोकाचे दोन-दोन स्लग, कॉइलची मोजलेली जाडी आणि प्रेसची शट हाइट (रॅम तळाशी असताना टेबलापर्यंतची उंची) एका पिशवीत घालून टूललाच बांधा. स्ट्रिपवर फीडची दिशा मार्करने काढा, नायतर तिकडचा माणूस उलटी धरून बघेल आणि फोनवर अर्धा तास घालवाल.