थंडीच्या सकाळी पसरणी घाट: बाइक वळणात कशी घालावी

डिसेंबर-जानेवारीत वाईत मुक्काम करून भल्या सकाळी पाचगणीकडे निघालात, की एक अडचण लगेच समोर येते. गाव सुटतं न सुटतं तोच पसरणी घाट सुरू होतो. टायर गार, इंजिन गार, बोटं आखडलेली आणि समोर वळण. उन्हाळ्यात याच वळणांवर मी निवांत असतो. थंडीत मात्र पुढची तयारी केल्याशिवाय घाटाला हात घालत नाही.

आधी हवा तपासा. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआयने कमी होतो. पुण्यात दुपारी 30 अंशांत हवा भरली आणि सकाळी घाटाखाली 10 अंश असतील, तर तीन-चार पीएसआय कमीच झाले म्हणायचे. थंडीत हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं सांगणारे भेटतात. डांबरी रस्त्यावर हा सल्ला ऐकू नका, गाडी वळायला जड होते. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) लिहिलेला आकडाच धरा, आणि हवा टायर गार असतानाच मोजा.

मग टायर तापवा. थंड रबर कडक असतं, रस्त्याला चिकटत नाही. गाडी डावी-उजवीकडे झुलवून ते फारसं तापत नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या, हळूहळू ब्रेक दाबा, असं काही वेळा करा. मुक्काम घाटाच्या पायथ्याशीच असेल तर आधी सपाटीवर आठ-दहा किलोमीटर फिरून या. नवा टायर असेल तर आणखी सबुरी हवी.

स्वतःलाही तापवा. बोटं बधिर झाली की ब्रेक एकतर उशिरा लागतो, नाहीतर एकदम. हातमोजे वारा अडवणारे हवेत. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. थंडीने खांदे वर चढतात, कोपरं ताठ होतात आणि तो ताठरपणा थेट हँडलमध्ये उतरतो. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा.

आता प्रत्यक्ष वळण. वेग आणि गिअर वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करा. क्लच हळू सोडा. झटक्यात सोडलात तर गार मागचं चाक सरकतं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणून वळणात ब्रेक दाबू नका, गाडी किती कलली आहे हे साध्या एबीएसला कळत नाही. नजर पुढच्या चाकाजवळ न ठेवता वळण जिथे सुटतं तिथे न्या. डावीकडे वळायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकला, गाडी आपोआप कलते. शरीर थोडं आतल्या बाजूला झुकवा, म्हणजे गाडी कमी कलवावी लागेल. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) स्थिर ठेवा आणि बाहेर पडताना हळूहळू वाढवा.

उजव्या वळणाकडे विशेष लक्ष द्या. चाकं आपल्या बाजूला असली तरी डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातात, आणि समोरून एसटी मोठं वळण घेत येत असते. सुरुवातीला डावीकडेच राहा, वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत शिरू नका.

रस्ता वाचायला शिका. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर दव उशिरापर्यंत वाळत नाही. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे झाडीतून उतरणाऱ्या आंबेनळी घाटात तर हे फार जाणवतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतातही. तिथे ओलसर चकाकी दिसली की गाडी जवळजवळ सरळ ठेवूनच जा. हेच दिवस ऊसतोडीचे. वाईकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस आणि पाचट चाकाखाली आलं, तर गाडी सरकायला वेळ लागत नाही.

एका जानेवारीत पाचगणीहून उतरताना सावलीतल्या वळणात माझं मागचं चाक हातभर सरकलं. मी थ्रॉटल तसाच ठेवला, ब्रेकला हात लावला नाही, गाडी सावरली. वर येताना तापलेले टायर चहा-नाश्त्याच्या तासाभरात पुन्हा गार झाले होते, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून आता मोठ्या थांब्यानंतर पहिली चार-पाच वळणं मी पुन्हा पायथ्यापासून सुरुवात केल्यासारखीच घेतो.